गाडा, फूड ट्रक आणि पेठेचे वेळापत्रक

कोल्हापुरात अतिक्रमणविरोधी मोहिमेचे एक ठरलेले चक्र आहे. सणासुदीच्या आधी किंवा तक्रारींचा जोर वाढला की महापालिकेचे पथक रस्त्यावर उतरते, गाडे आणि खोकी उचलली जातात, छत्र्या आणि वजनकाटे जप्त होतात, दोन-चार दिवस रस्ता रुंद दिसतो आणि मग सगळे पुन्हा होते तिथे येऊन बसते. या चक्राला कंटाळलेली मंडळी आता एक नवा उपाय सुचवू लागली आहेत. शहराच्या एका टोकाला प्रशस्त ‘फूड पार्क’ करावे, तिथे एकसारख्या रंगाचे फूड ट्रक उभे करावेत, दिवे लावावेत, गाड्या लावायला जागा द्यावी आणि पेठांतले रस्ते मोकळे करावेत. कागदावर हा विचार देखणा दिसतो, परंतु तो अमलात आल्यास शहराचे नुकसान होईल असे मला वाटते. फूड ट्रकला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की खाण्याच्या गाड्यांचा आणि उघड्यावरच्या बाजारांचा प्रश्न एका मोठ्या जागेने सुटणारा नसून, प्रत्येक प्रभागातील लहान लहान जागा आणि त्या जागांच्या ठरवून दिलेल्या वेळा यांनी सुटणारा आहे. फूड ट्रकचा विचारही त्या वेळापत्रकाच्या आत, हातगाड्यांची सोय झाल्यावर व्हायला हवा.

या शहरात बाजार हा वस्तीला मागाहून जोडलेला भाग कधीच नव्हता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि तिच्याभोवती शहराचा तो सगळा भाग उभा राहिला. खासबागचे कुस्ती मैदान आणि त्याला लागून असलेले नाट्यगृह यांच्यामुळे माणसांची ये-जा वाढली, आणि भेळेचे, वड्याचे गाडे तिथे येऊन थांबू लागले. त्या जागेला खाऊगल्ली म्हणून कोणी आरक्षण दिले नव्हते. याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून ज्या माणसाला मारहाण झाली, त्याच्या हातचा चहा राजाने भर रस्त्यावरच्या दुकानात प्यावा यातला सामाजिक अर्थ त्या दुकानाच्या जागेवर अवलंबून होता. ते हॉटेल गावकुसाबाहेर काढून दिले असते तर चहा तोच राहिला असता, पण कोणालाही तो पाहावा लागला नसता. ज्या ठिकाणी सगळ्या जातींची, सगळ्या उत्पन्नगटांची माणसे एकाच बाकड्यावर बसून खातात, अशी ठिकाणे शहराच्या मध्यात असणे ही केवळ पोटाची सोय नाही. मॉलमधल्या खाद्यदालनात हे घडत नाही, कारण दारावरचा रखवालदार आणि भिंतीवरची किंमत या दोन चाळण्या आधीच लागलेल्या असतात.

गंगावेशीत आजही सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकले जाते. बाहेरगावच्या पाहुण्याला त्याचे कौतुक वाटते, पण नगररचनेच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. ती जागा दिवसभर दूधवाल्यांची नसते. ठरलेल्या वेळी म्हशी येतात, दूध संपते, म्हशी परततात, आणि तोच रस्ता उरलेल्या वेळी वाहनांचा, दुकानदारांचा आणि पादचाऱ्यांचा होतो. हे वेळापत्रक कोणत्याही अधिसूचनेत नाही, तरी ते चालते, कारण विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते ठाऊक आहे. इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकाने आणि रात्री ती बंद झाल्यावर त्यांच्याच समोर खाण्याचे गाडे लागतात. अहमदाबादच्या माणेक चौकातही दिवसाचा बाजार वेगळा आणि रात्रीचा वेगळा असतो. एकाच जमिनीचा दिवसातून दोनदा-तीनदा वापर करण्याची ही रीत आपल्याकडच्या दाट वस्तीच्या शहरांनी स्वतःच शोधून काढली आहे.

आपल्या विकास आराखड्याला मात्र ही रीत कळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होणाऱ्या आराखड्यात प्रत्येक भूखंडाला एक रंग आणि एक वापर असतो. निवासी पिवळा असेल तर तो चोवीस तास पिवळा राहतो, आणि रस्ता हा फक्त रस्ता राहतो. बाजारासाठी जागा हवी असेल तर ‘भाजी मंडई’ असे आरक्षण टाकावे लागते. ते आरक्षण खासगी जमिनीवर असेल आणि दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊन ते रद्द करून घेऊ शकतो. भूसंपादनासाठी महापालिकेच्या तिजोरीत पैसा नसतो हे मालकाला आणि महापालिकेला दोघांनाही माहीत असते. म्हणून नकाशावर मंडई दिसते आणि प्रत्यक्षात लोक चौकातल्या कडेला भाजी घेतात.

जिथे मंडई खरोखर बांधली जाते तिथेही एक जुनी अडचण आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय फूड पार्कचा मोह सुटणार नाही. ओटे बांधले जातात, छप्पर येते, प्रत्येक विक्रेत्याला क्रमांक मिळतो, उद्घाटन होते. नंतर पहिला विक्रेता आतल्या ओट्यावरून उठून प्रवेशद्वाराशी येऊन बसतो. कामावरून घरी निघालेली बाई दुचाकी बंद न करता कोथिंबिरीची पेंढी आणि पावकिलो टोमॅटो घेणार असते, ती आत येणार नाही हे त्याला बरोबर कळलेले असते. दारात बसलेल्याने गिऱ्हाईक अडवले की आतल्याचा धंदा बुडतो, म्हणून तोही बाहेर येतो आणि पहिल्याच्या चार पावले पुढे बसतो. काही महिन्यांत सगळी मंडई रस्त्यावर सांडते आणि आतले ओटे टोपल्या ठेवण्याची कोठी होऊन बसतात. मंडईचा वरचा मजला असेल तर तो पहिल्या दिवसापासूनच रिकामा राहतो, कारण हातात पिशव्या घेऊन जिना चढून माळवं आणायला कोणी जात नाही. याला विक्रेत्यांचा बेशिस्तपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः रोजच्या गरजेची किरकोळ खरेदी ही जाता-जाता होणारी खरेदी असते, आणि ती वाटेपासून तोडली की मरते. खाण्याच्या गाड्याचेही तेच आहे. सकाळची आंबोळी किंवा पोहे खाणारा कामगार, शाळा सुटल्यावर भेळ मागणारी मुले, रात्रपाळी संपवून अंडे-पाव शोधणारा रिक्षावाला यांच्यापैकी कोणीही चार किलोमीटरवरच्या फूड पार्कात जाणार नाही. तिथे जाणार तो चारचाकीतून सहलीला निघालेला वर्ग. त्याची सोय करू नये असे नाही, पण त्या सोयीला पथविक्रेत्यांचे पुनर्वसन म्हणणे ही फसवणूक आहे.

कायद्याने या बाबतीत बरीच स्पष्टता दिलेली आहे, आणि तरीही आपली चर्चा जणू कायदाच नाही अशा थाटात चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदानसिंग प्रकरणात रस्त्यावर व्यवसाय करणे हा घटनेच्या कलम १९ (१) (छ) मधील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे, आणि त्यावर वाजवी नियंत्रण घालता येत असल्याचे मान्य केले. पुढे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ आला. त्यानुसार दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायचे असते, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, आणि स्थलांतर करायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घ्यावे असेही कायदा सांगतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या ५ लाख ४९ हजारांच्या घरात होती. म्हणजे त्या हिशेबाने पावणेचौदा हजारांच्या आसपास विक्रेत्यांसाठी जागा शोधण्याचा विचार करावा लागतो. एखाद्या फूड पार्कातले तीस-चाळीस ट्रक या आकड्यापुढे कुठे उभे राहतात ते वाचकांनीच पाहावे.

याच कायद्यात नैसर्गिक बाजार ही कल्पना आहे. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने एकत्र येत आले आहेत, तो बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. ज्या बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालू आहे, त्याला वारसा बाजार म्हणून घोषित करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. लक्ष्मीपुरीच्या बाजाराचे वय या कसोटीवर तपासण्याचे काम महापालिकेचे आहे. वारसा म्हटले की आपल्याला कमानी, बुरूज आणि तलाव आठवतात. चार पिढ्या एकाच कोपऱ्यावर बसून कांदे-बटाटे विकणे हाही वारसा असू शकतो असे कायदा म्हणतो आणि आपण ते ऐकून घेत नाही.

या सगळ्याचा निर्णय नगर पथविक्रेता समितीने घ्यायचा आहे. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात आणि किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यातही एक तृतीयांश महिला. या समितीच्या शिफारशीने दर पाच वर्षांनी पथविक्रीचा आराखडा करायचा, आणि तिकडे शहराचा विकास आराखडा मात्र वीस वर्षांसाठी, वेगळ्या विभागात, वेगळ्या टेबलावर होतो. रस्त्याची रुंदी, वळणे, पदपथ, दिव्यांचे खांब आणि गटारे ठरवताना तिथे संध्याकाळी किती गाडे लागणार आहेत याचा विचार होत नाही, आणि गाड्यांच्या जागा ठरवताना रस्त्याचे काम आधीच होऊन गेलेले असते. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रभागातल्या कोणत्या कोपऱ्यावर कोण बसतो हे ज्याला खडान्खडा माहीत असते, तो नगरसेवकच त्या काळात नव्हता. अर्थात नगरसेवक असताना त्या माहितीचा उपयोग कशासाठी व्हायचा, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता फूड ट्रकविषयी. छोटा हत्ती किंवा तसाच टेम्पो घ्यायचा, त्याच्या बाजूला उघडणारी खिडकी काढायची, आत शेगडी, पाण्याची टाकी, शीतपेटी आणि धुराडे बसवायचे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार अशा बदलासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि उभे राहण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते. हातगाड्याला काही हजार रुपये लागतात, तर असा ट्रक रस्त्यावर यायला काही लाख लागतात. स्वच्छता, पाणी आणि कचरा यांची सोय ट्रकमध्ये बरी करता येते हे खरे आहे, परंतु दोघांच्या मागची माणसे एकाच आर्थिक स्तरातली नाहीत हे विसरून चालणार नाही.

२०१४ चा कायदा याबाबत फार नेमका आहे. प्रमाणपत्र मिळवणाऱ्याने व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबीयांच्या मदतीने करायचा असतो, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नसावे लागते, आणि ते प्रमाणपत्र भाड्याने देण्यासह कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करता येत नाही. तीन ट्रक विकत घेऊन त्यावर पगारी पोरे ठेवणारा गुंतवणूकदार या व्याख्येत बसत नाही. त्याने व्यवसाय करू नये असे कोणी म्हणत नाही, पण त्याला पथविक्रेत्यासाठी राखलेली जागा पथविक्रेत्याच्या दराने मिळता कामा नये. फूड ट्रक धोरणाच्या नावाखाली नेमके हेच घडण्याची भीती असते. अहमदाबादेत लॉ गार्डनजवळची जुनी खाऊगल्ली २०१८ मध्ये हटवली गेली, आणि नंतर त्याच परिसरात ‘हॅपी स्ट्रीट’ नावाने फूड व्हॅनसाठी बोली लावून जागा देण्यात आल्या. रस्ता देखणा झाला यात शंका नाही, पण बोलीच्या टेबलावर जुना गाडेवाला आणि भांडवलवाला शेजारी-शेजारी बसले की कोण उठून जातो हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. कोल्हापूरने या मार्गाने जाऊ नये.

मग ट्रकची जागा कुठे आहे? जिथे गर्दी कायम नसते, पण ठरलेल्या वेळी उसळते, तिथे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटण्याची वेळ, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात परीक्षेचे दिवस, कुस्तीचे मैदान, फुटबॉलचा हंगाम, नवरात्रात बाहेरगावच्या भाविकांसाठी केलेले वाहनतळ, अशा ठिकाणी कायमचा गाडा परवडत नाही आणि चाकांवरचे स्वयंपाकघर उपयोगी पडते. ट्रकचे वैशिष्ट्य म्हणजे तो हलू शकतो. जो ट्रक वर्षभर एकाच जागी उभा आहे, ज्याची चाके विटांवर टेकवली आहेत आणि ज्याच्यापुढे ताडपत्री टाकून खुर्च्या मांडल्या आहेत, ते घरफाळा न भरणारे दुकान आहे. तसे दुकान काढायला माझी हरकत नाही, पण त्याला दुकानाचेच नियम लागले पाहिजेत. म्हणून ट्रकला जागा कायमची न देता पाळीने, आठवड्याच्या ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक तासांसाठी द्यावी, आणि तिचे शुल्क ट्रकने व्यापलेल्या क्षेत्रफळावर व तासांवर आकारावे.

रहिवाशांच्या तक्रारी मी हलक्याने घेत नाही. घराच्या खिडकीखाली रात्री बारापर्यंत झाऱ्याचा खणखणाट, तळणाचा धूर, अस्ताव्यस्त दुचाक्या आणि सकाळी दारात पडलेल्या कागदी प्लेटा हे कोणालाही सोसणारे नाही. मात्र या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकाच जागी झालेल्या अतिरेकी गर्दीत असते. शहरभरच्या भुकेसाठी चार-पाचच ठिकाणे शिल्लक ठेवली की त्या चार ठिकाणी रहिवाशांचे जगणे कठीण होणारच. तेच गाडे तीस-चाळीस कोपऱ्यांवर विभागले, प्रत्येक कोपऱ्यावर आठ-दहाच असले आणि निवासी गल्लीत रात्री दहाला बंद होण्याचे बंधन असले, तर त्रास सोसण्याजोगा होतो आणि शेजाऱ्यांचा गाडेवाल्यावर धाकही राहतो. रोज जिला वहिनी म्हणून हाक मारायची, तिच्या दारात कचरा टाकायला माणूस कचरतो. फूड पार्कात असा धाक कोणाचा कोणाला नसतो.

दुकानदारांचा आक्षेप अधिक सयुक्तिक आहे. ते भाडे देतात, घरफाळा देतात, वस्तू व सेवा कर भरतात, आणि त्यांच्या दारासमोर तोच माल विकणारा उभा राहतो. याला उत्तर एकच आहे. गाड्यांची जागा ठरवताना समोरच्या दुकानाचा माल कोणता आणि ते कधी उघडते-मिटते याचा विचार व्हावा, आणि गाडेवाल्याकडूनही रीतसर शुल्क घ्यावे. आज तो काहीच देत नाही हा समज चुकीचा आहे. तो देतो, पण त्यातले किती पावतीवर असते आणि किती पावतीशिवाय, हे रस्त्यावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शुल्क पावतीवर आले तर महापालिकेचे उत्पन्न वाढेल आणि गाडेवाल्याचा खर्च कदाचित कमीच होईल.

पादचाऱ्यांचा हक्क मात्र सर्वांच्या वर ठेवला पाहिजे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर सलग मोकळी वाट हवी. ती सुटत नसेल तिथे गाडा नको, यावर तडजोड होऊ नये. अंबाबाई मंदिराच्या अगदी भोवतीचे अरुंद रस्ते, रुग्णालयांची दारे आणि अग्निशमन बंबाची वाट या जागा पूर्णपणे मोकळ्या असाव्यात, आणि तिथल्या विक्रेत्यांना शेजारच्याच गल्लीत पर्यायी जागा द्यावी. परंतु पदपथ अडवण्याचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पुरा मांडावा. एक मोटार उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. त्यात सुटसुटीत सहा हातगाडे बसतात आणि सहा घरे जगतात. ती मोटार महापालिकेला एक पैसाही न देता रात्रंदिवस रस्त्यावर उभी असते आणि तिला उचलायला पथक येत नाही. याच शहराने टोलविरोधात रस्त्यावर उतरून, रस्ता हा जनतेचा आहे असे ठणकावून सांगितले होते. त्या जनतेत मोटारमालक येतात, तसा गाडेवालाही येतो.

रंकाळ्याच्या चौपाटीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे प्रश्न जागेचा नसून पाण्याचा आहे. भांडी विसळलेले तेलकट पाणी, उरलेला कट, उसाच्या रसाची चोयटी हे सगळे शेवटी उताराने खाली जाते, आणि खाली तलाव आहे. शहराच्या इतर भागांतही पावसाळी गटारात ओतलेले खरकटे पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत पोहोचते. विक्रेत्याने कचऱ्यासाठी स्वतःचा डबा ठेवावा असे घनकचरा नियमांत सांगितलेले आहे, पण तो डबा रिकामा कुठे करायचा आणि पाणी कुठे ओतायचे याची सोय महापालिकेने केलेली नसेल तर नियम शोभेपुरता राहतो. ठरवून दिलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर एक नळ, सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेले तेलसापळ्याचे एक चेंबर, मीटर असलेले वीजजोड आणि रात्री अकराला येणारी कचरागाडी एवढे असले तरी अर्धे प्रश्न संपतात. वीजजोड असला की फूड ट्रकवाल्याला जनरेटर लावावा लागत नाही, आणि आवाजाची मोठी तक्रार आपोआप मिटते. ही कामे फूड पार्कच्या प्रवेशकमानीपेक्षा स्वस्त आहेत, फक्त त्यांचे उद्घाटन करता येत नाही.

उघड्यावरच्या बाजाराचा दुसरा भाग शेतमालाचा आहे आणि कोल्हापुरासारख्या शहरात तो दुर्लक्षून चालणार नाही. करवीर, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांतून बायका पहाटे मेथी, पोकळा, शेवग्याच्या शेंगा घेऊन येतात, दुपारपर्यंत विकतात आणि परत जातात. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, शेतकरी आठवडी बाजारांची योजनाही आणली. त्यामुळे शेतकऱ्याने थेट शहरात विकण्याला कायद्याची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती बसण्याच्या जागेची. आठवड्यातून तीन दिवस येणारी बाई सर्वेक्षणाच्या दिवशी हजर असेलच असे नाही, ती शहराची रहिवासी नसते, आणि प्रमाणपत्राच्या यादीत तिचे नाव लागत नाही. तिच्यासाठी प्रमाणपत्राचा आग्रह सोडून दिवसाच्या पावतीवर बसता येईल असा भाग प्रत्येक बाजारात राखला पाहिजे. महापालिकेची हद्द १९७२ मध्ये स्थापना झाल्यापासून वाढलेली नाही, आणि कळंबा, पाचगाव, उचगाव या बाजूंना मात्र वस्ती बेसुमार वाढली आहे. या नव्या वसाहतींना मंडई नाही आणि मंडईसाठी आरक्षित केलेली जमीनही फारशी नाही. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी स्थापन झालेल्या क्षेत्र विकास प्राधिकरणाने नव्या रेखांकनांना मंजुरी देतानाच सुविधा भूखंडांपैकी एक जागा संध्याकाळच्या उघड्या बाजारासाठी मागून घेतली, तर पुढच्या पिढीला अतिक्रमणाची मोहीम काढावी लागणार नाही. त्या जागेवर छप्पर किंवा ओटेही नकोत. सपाट फरशी, उतार, दिवे आणि स्वच्छतागृह पुरे. स्वच्छतागृहाचा उल्लेख शेवटी आला असला तरी सकाळी सहापासून बसणाऱ्या बाईच्या दृष्टीने तीच पहिली गरज आहे.

सिंगापूरने १९७१ ते १९८६ या काळात आपले सारे फेरीवाले रस्त्यावरून उचलून बांधीव केंद्रांत नेले, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या फेरीवाला संस्कृतीची नोंद घेतली. आपल्याकडे फूड पार्कच्या समर्थनार्थ हे उदाहरण हमखास दिले जाते. ते देताना एवढे सांगायचे राहून जाते की तिथली केंद्रे सरकारी घरांच्या वसाहतींना लागून, चालत जाता येईल अशा अंतरावर आणि मोठ्या संख्येने उभारली गेली, आणि हलवलेल्या विक्रेत्यांकडून सवलतीचे भाडे घेतले गेले. गावाबाहेरच्या एका मैदानाशी त्याचे साम्य नाही.

पुराचा विचार करताना कोल्हापूरला एक संधीही दिसते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे गणित इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीचा काही भाग पाण्याखाली गेला. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि नदी यांच्यामध्ये बांधकाम निषिद्ध आहे, आणि ते तसेच राहायला हवे. परंतु बांधकाम नको म्हणजे वापरच नको असे नव्हे. मोकळ्या वापरांना तिथे वाव असतो. नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत अशा काही जागांवर, नदीत सांडपाणी जाणार नाही अशी सोय करून, आठवडी बाजार आणि पाळीचे फूड ट्रक भरवता येतील. इशारा पातळीआधीच दोन तासांत जागा रिकामी करता येईल असा व्यवसाय हाच आहे. त्या जमिनींवर भराव टाकून इमारती उठवण्याचा दबाव सतत असतो. लोकांच्या रोजच्या डोळ्यांसमोर असलेल्या मोकळ्या जागेवर रातोरात भराव पडणे जरा अवघड जाते.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी राजारामपुरीचे नाव सुचवीन. तिथल्या गल्ल्या सरळ आहेत, क्रमांकाने ओळखल्या जातात, शाळा, दवाखाने, दुकाने आणि घरे सगळे मिसळलेले आहे. एका वर्षासाठी तिथल्या चार-पाच गल्ल्यांच्या कडा तासांत वाटून पाहाव्यात. सकाळी सहा ते नऊ न्याहारीचे गाडे आणि दूध, नऊ ते चार माल उतरवणे आणि वाहने, साडेचार ते आठ भाजी आणि फळे, आठ ते दहा खाण्याचे गाडे, आणि शनिवार-रविवारी एका ठरलेल्या टोकाला दोन-तीन फूड ट्रक. नगर पथविक्रेता समिती, तिथले रहिवासी आणि दुकानदार यांच्या बैठकीत ही वाटणी ठरावी. पांढऱ्या रंगाच्या चौकटी रस्त्यावर आखाव्यात, प्रत्येक चौकटीला क्रमांक आणि वेळ लिहावी. शुल्काची वसुली मोबाइलवरच्या पावतीने व्हावी. त्या गल्लीतून महिन्याला किती शुल्क जमा झाले आणि त्यातले किती नळ, दिवे व सफाईवर खर्च झाले, याचा तक्ता गल्लीच्या तोंडाशी लावावा. वर्षअखेरीस महापालिकेने पुढच्या विकास आराखड्याच्या नकाशावर त्या कडांना वेगळा रंग द्यावा आणि नकाशाच्या सूचीत त्या रंगापुढे वापराबरोबर तासही छापावेत.